पूर्वजाचं कपाळ

"हात लावू नका! कुणीही बॉनेटला हात लावू नका! थोरले रातू आत बसलेत!"

किनीजोजीने दोन्ही हात पसरून असा आवाज लावला, की लॉरीवरच्या बायकांनी मांडीवरची पोरं पोटाशी धरली. चढ संपतो तिथे, गावच्या मूळ सरदाराच्या, म्हणजे थोरल्या रातूंच्या थडग्यासमोर, नावुनितावा गावाची एकुलती एक लॉरी थंडपणे उभी होती. थंडपणे हा शब्द बोलण्यापुरता, कारण बॉनेटमधून अशी धग येत होती की वर अळूचा कंद ठेवला असता तर शिजला असता. मागच्या हौद्यात अळूचे भारे, कसाव्याची पोती, पाय बांधलेल्या कोंबड्या आणि सगळ्यांवर बसलेली माणसं. शनिवार होता. खाली सिंगातोकाच्या बाजारात गिऱ्हाइकं वाट पाहत होती. पण थोरले रातू इंजिनात बसल्यावर बाजाराचं नाव कोण काढणार?

पुरुषांनी रस्त्यातच चटई अंथरली. सीटखालून तानोआ निघाला, म्हणजे यांगोना, एका मुळाचं गुंगी आणणारं पेय, कालवायचं ते मोठं लाकडी भांडं. या लॉरीत जादा टायर नव्हता, जॅक नव्हता, पाना होता तोही उसना. तानोआ मात्र कायमचा असायचा. यांगोनाची पूड पाण्यात कालवली गेली, फडक्यातून गाळली गेली, टाळ्या वाजल्या, आणि किनीजोजीने डोळे मिटून सुरुवात केली.

"हे डोंगराच्या धन्या! हे ढगांच्या मालका! ही लेकरं तुझी, हा रस्ता तुझा, ही लॉरी तुझी! हा कार्ब्युरेटर तुझा, हा रेडिएटर तुझा! तुझ्या दारातून आम्ही गेलो, आमचं काही चुकलं असेल..."

करवंटीतून पहिला घोट रातूंना, म्हणजे थोरल्यांच्या नातवाला, सध्याच्या सरदारांना. मग दुसऱ्याला, मग तिसऱ्याला. एक फेरी झाली. किनीजोजी उठला, बॉनेट हातभर उचललं, डावा हात कोपरापर्यंत आत घातला आणि डोळे वर फिरवले.

"कपाळ तापलंय. राग गेला नाही. दुसरा तानोआ लावा."

दुसरा लावला. ऊन चढलं, पालेभाजी माना टाकू लागली. दुसरी फेरी संपली, पुन्हा हात आत गेला आणि या वेळी किनीजोजीच्या चेहऱ्यावर मंद हसू पसरलं.

"शांत झाले. पेनिआसी, फिरव किल्ली."

ड्रायव्हर पेनिआसीने किल्ली फिरवली. लॉरी दोनदा खोकली आणि धडधडत सुरू झाली. "विनाका! विनाका!" म्हणजे धन्यवाद, असा एकच कल्ला झाला. दोन म्हाताऱ्या रडल्या. एकाने टायरला मिठी मारली. टायर गुळगुळीत झालेला होता, त्याला मिठीपेक्षा बदलीची गरज होती, पण ते असो.

टाळी वाजवली नाही ती एकटीने. अळूच्या भाऱ्यावर बसलेली उनाइसी किनीजोजीकडे बघत होती, आणि किनीजोजी तिच्याकडे.

उनाइसी मूळची कंदावू बेटाची, समुद्रावरची. रोपातेशी लग्न करून ती या डोंगरात आली, त्याला आता बरीच वर्षं झाली होती. तिच्या बापाची मच्छीमार होडी होती, मागे पेट्रोलचं इंजिन लावलेली. भर समुद्रात इंजिन बंद पडलं की बाप प्रार्थना नंतर करायचा, आधी प्लग काढायचा. म्हणून ही लॉरी थडग्यासमोर पहिल्यांदा अडली तेव्हा उनाइसीने अगदी साधेपणाने विचारलं होतं, "स्पार्क येतोय का, बघितलं का कुणी?"

बस, एवढंच विचारलं होतं. त्या दिवसापर्यंत थोरल्या रातूंचा राग सगळ्या गावावर होता. त्यानंतर तो हळूहळू एकटीवर येऊन ठेपला.

आता थोरले रातू कुणावर का रागावतील, हेही सांगायला हवं. त्यांच्या थडग्यासमोरून गोंगाट करत जाणं म्हणजे उद्धटपणा. म्हणून चढ संपला की ड्रायव्हर इंजिन बंद करतो, पुरुष टोप्या काढतात, सगळे क्षणभर गप्प बसतात, आणि मग गाडी पुढे जाते. चांगली रीत आहे, कुणाच्या बापाचं काही जात नाही. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं. मागच्या वर्षापासून मात्र बंद केलेली लॉरी पुन्हा सुरू होईना. आणि लाउटोकाच्या गॅरेजमधली नोकरी सोडून गावात परतलेल्या किनीजोजीला नेमके त्याच सुमाराला पूर्वज दिसू लागले. रविवारी तो चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसून येशूची गाणी म्हणायचा आणि शनिवारी थोरल्या रातूंशी बोलायचा. दोघांचं आपसात पटत असावं, कारण दोघांनीही कधी तक्रार केली नाही.

त्या संध्याकाळी रातूंच्या घरी बैठक बसली. बाया दाराशी, पुरुष आत मानाच्या जागी.

किनीजोजी म्हणाला, "रातू, मला बोलायचं नव्हतं. पण थोरले झोपू देत नाहीत. विचार करा. सोमवारी लॉरी शाळेच्या पोरांना घेऊन जाते, अडते का?"

"नाही," रातू म्हणाले.

"बुधवारी दवाखान्याला जाते, तेव्हा?"

"तेव्हाही नाही."

"फक्त शनिवारी! आणि शनिवारी लॉरीत कोण असतं, जे इतर दिवशी नसतं?"

सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. उनाइसी फक्त शनिवारीच बाजाराला जायची. शनिवारी लॉरीत तिच्याखेरीज सगळ्या गावाचं अळू आणि कसावा, कोंबड्या नि अर्धं गाव असायचं, एवढं ओझं इतर कुठल्याच दिवशी नसायचं, हे मात्र कुणाच्या डोक्यात आलं नाही. हिशोब बिनतोड ठरला.

"समुद्राचं भूत आहे," किनीजोजीने आवाज खाली आणला. "हिच्यासोबत आलंय. चढणीवर त्याला धाप लागते, म्हणून ते लॉरीला लटकतं. थोरल्यांना त्याचा खारट वास येतो. तिला तिच्या बेटावर परत पाठवा, लॉरी कधी अडणार नाही. पोरगी मात्र आपल्या कुळाची आहे, ती इथेच राहील."

पोरगी म्हणजे सेरा. चार वर्षांची. ती त्या वेळी आजीच्या मांडीवर झोपली होती.

उनाइसीने नवऱ्याकडे पाहिलं. रोपाते चटईचं विणकाम फार बारकाईने बघत होता, जणू आयुष्यात चटई पहिल्यांदाच पाहत होता.

बोलली ती तिची सासू, लितिया आजी, गावाच्या भाषेत बुबू लितिया. "सून मला कधीच आवडली नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. पण तिचा घेर बघा. इंजिनात शिरेल इतकी ती बारीक नाही."

कुणीतरी फिस्सकन हसलं. रातू हसले नाहीत. रातू भला माणूस होता, आणि भल्या माणसांना कटकट नको असते. ते म्हणाले, "येत्या शनिवारी बाजार होऊ दे. तिचा माल विकला जाऊ दे. मग तिथूनच तिला बोटीवर बसवू." आणि ही आपण मोठी दया केली असं त्यांना मनापासून वाटलं.

रविवारचा दिवस चर्चमध्ये गेला. सोमवारी शाळेची फेरी संपवून पेनिआसी लॉरी धुवत होता, तेव्हा उनाइसी तिथे जाऊन उभी राहिली.

"बॉनेट उघड."

"वहिनी, वेड लागलंय का तुला? कुणी बघितलं तर मलाही बोटीत बसवतील."

"तुला बोटीत उलट्या होतात, मला माहीत आहे. उघड."

पेनिआसी रोपातेचा आतेभाऊ. त्यांच्यात आते-मामे भावंडांनी एकमेकांची थट्टा करायची असते, आणि भावाची बायको त्यातच धरली जाते. म्हणून तो कुरकुरला, पण त्याने बॉनेट उघडलं.

"माझा बाप म्हणायचा, इंजिन दोनच गोष्टींसाठी रडतं," उनाइसी म्हणाली. "पेट्रोल नाहीतर ठिणगी. पेट्रोल येतंय?"

पेनिआसीने पंपाची नळी काढून दाखवली. पेट्रोल येत होतं. मग एक प्लग काढला, वायरीची टोपी पुन्हा त्यावर बसवली, कोरड्या फडक्यात धरून त्याचं लोखंड इंजिनाला टेकवलं आणि उनाइसीला किल्ली फिरवायला सांगितली. प्लगच्या टोकाला टपोरी निळी ठिणगी टकटक उडाली.

"बघ," पेनिआसी म्हणाला. "बॅटरी चांगली, प्लग चांगला, ठिणगी कशी सणसणीत. गाडी ठणठणीत आहे गं. म्हणजे..." तो पुढचं गिळून बसला.

"म्हणजे मीच."

"मी तसं म्हणालो नाही."

"म्हणालास. तोंड बंद ठेवून म्हणालास."

उनाइसी मडगार्डवर बसली आणि रडली. तिला भुताची भीती नव्हती. तिला सेराची भीती वाटत होती, म्हणजे सेरा मोठी होऊन आपल्याबद्दल काय ऐकेल त्याची. आपली आई समुद्राची चेटकीण होती, तिला गावाने हाकललं, असं त्या पोरीला सगळे प्रेमाने सांगतील. बेटावर परत जाणं एक वेळ तिने सोसलं असतं, पण हे तिला सोसवत नव्हतं.

नाक पुसता पुसता ती एकदम थांबली.

"पेनिआसी, तो हात नेमका कुठे घालतो?"

"कोण?"

"तो भुतांचा डॉक्टर. कपाळ म्हणून कशाला हात लावतो?"

तिने उठून डावा हात कोपरापर्यंत आत घातला, किनीजोजी घालायचा तसाच. तळवा एका गुळगुळीत काळ्या डब्यावर टेकला. दुधाच्या छोट्या डब्याएवढा, वर एक जाड वायर.

"हे काय आहे?"

"कॉइल. बॅटरीचा करंट कमजोर असतो, तो इथे जोरदार होतो आणि मग ठिणगी पडते. पण ही तर नवी आहे. मागच्या वर्षी किनीजोजीनेच बसवली, लाउटोकाहून येताना आणली होती." पेनिआसीने डोकं खाजवलं. "जुन्या कॉइलच्या वायरीत एक चिनी मातीचा पांढरा तुकडा होता. तो म्हणाला, याला काही अर्थ नाही, आणि फेकून दिला."

उनाइसीला बापाची होडी आठवली. इंजिन दमलं की ठिणगी गायब, गार झालं की परत हजर. बाप ओलं फडकं गुंडाळायचा आणि विडी ओढत बसायचा.

त्यांनी बॉनेट लावून लॉरी चालू ठेवली. पुरेशी तापल्यावर बंद केली आणि किल्ली फिरवली. इंजिन नुसतंच गरगरलं. प्लग काढून पाहिला, ठिणगीचा पत्ता नव्हता. कॉइलला बोट लावलं आणि पेनिआसीने ते झटकन तोंडात घातलं. मग पिळलेलं ओलं फडकं त्या डब्याला गुंडाळलं, वायरीला पाणी लागू न देता. थोड्या वेळाने निळी ठिणगी परत आली, जणू काही झालंच नाही.

"अरे लेकाच्या!" पेनिआसी जवळजवळ नाचला. "म्हणजे तो हात घालून बघतो, कॉइल गार झाली का! नाही झाली की आणखी एक तानोआ! चल, आत्ताच्या आत्ता रातूंना सांगू!"

"कोण सांगणार? तू?"

पेनिआसीचं नाचणं थांबलं.

"आणि मी सांगू तर मीच भूत आहे. भुताने दिलेला पुरावा कोण ऐकतो? सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, थडग्यासमोर दाखवावं लागेल." तिने ओलं फडकं पिळलं. "माफी मागायला मला कुणी अडवू शकत नाही ना?"

"माफीला कोण अडवणार? पण रीतीप्रमाणे त्यासाठी व्हेलचा दात पुढे करावा लागतो. तुझ्याकडे कुठे आहे?"

दात सासूकडे होता. बुबू लितियाने तो पेटीतून काढला, हातात तोलला आणि म्हणाली, "माझ्या लग्नातला आहे. काय करणार आहेस ते मला सांगू नकोस, मला गुपितं पचत नाहीत. पण तो किनीजोजी माझं डुक्कर थोरल्यांच्या नावाने घेऊन गेला आणि थोरल्यांच्या थडग्यावर मला एक हाडूकसुद्धा दिसलं नाही. जा."

शनिवार उजाडला. त्या दिवशी लॉरीत बाजारापेक्षा तमाशाची गर्दी जास्त होती. भूत जाताना बघायला मिळणार म्हणून ज्यांच्याकडे विकायला काही नव्हतं तेही चढले. उनाइसीच्या भाऱ्याजवळ तिची कपड्यांची पिशवी होती. सेरा आजीच्या कडेवर होती आणि "आई, मला बाजारात काय घेशील?" असं पुन्हा पुन्हा विचारत होती.

चढ संपला. पेनिआसीने रीतीप्रमाणे इंजिन बंद केलं. टोप्या निघाल्या, शांतता झाली. मग किल्ली फिरली, आणि लॉरी अडली. किनीजोजी तर पेनिआसीच्या आधीच खाली उतरला होता.

"तानोआ लावा! आज शेवटचा!"

"रातू," उनाइसी पुढे आली आणि गुडघ्यांवर बसली. दोन्ही हातांत व्हेलचा दात धरलेला होता. "जाण्याआधी मला थोरल्यांची माफी मागायची आहे. माझ्या हाताने त्यांचं कपाळ पुसू द्या."

किनीजोजी घाईघाईने म्हणाला, "हे नियमात बसत नाही. कपाळाला फक्त मीच—"

"दात घेऊन आलेल्या माणसाला परत पाठवायचं नसतं," रातू म्हणाले. "पुसू दे."

बॉनेट उघडलं. उनाइसीने पिशवीतून फडकं काढलं, बाटलीतल्या पाण्यात भिजवून पिळलं आणि डब्याला गुंडाळलं. मग तिने हुंदके द्यायला सुरुवात केली. हुंदके खोटे होते असं म्हणवत नाही, फक्त ते जरा लांबवले होते. फडकं दोनदा पुन्हा भिजवलं. तोवर चटईवर यांगोना अजून गाळूनही झाली नव्हती. तिने फडकं काढून घेतलं, डोळे पुसले आणि म्हणाली, "पेनिआसी भाऊजी, किल्ली."

लॉरी पहिल्याच फटक्याला सुरू झाली.

लोक थक्क झाले. यांगोना नाही, टाळी नाही, आणि लॉरी चालू! किनीजोजीचा चेहरा क्षणभर पडला. पण धंदेवाईक माणूस तो, त्याने क्षणभरच तो पडू दिला.

"चमत्कार!" त्याने आरोळी ठोकली. "माफ केलं! थोरल्यांनी तिला माफ केलं! भूत उतरलं! मला दिसलं, खारं वारं होऊन दरीत गेलं!"

बायका उनाइसीच्या गळ्यात पडल्या. रोपाते धावत आला आणि तिच्या कानाशी म्हणाला, "जिंकलीस. आता राहशील तू. आता काही बोलू नकोस, पाया पडतो."

खरं होतं ते. तिला राहता येणार होतं. सेरा तिच्याजवळ राहणार होती. फक्त गप्प बसायचं होतं, आणि जन्मभर माफी मिळालेलं भूत म्हणून नांदायचं होतं. पुढच्या शनिवारी लॉरी पुन्हा अडली असती, तेव्हा दुसरी कुणी सापडली असती, नाहीतर पुन्हा तीच.

"मोमो," तिने किनीजोजीला काका म्हणून हाक मारली, अगदी गोड आवाजात. "थोरल्यांनी कायमचं माफ केलं का?"

"कायमचं! थोरल्यांचा शब्द आहे. ही लॉरी इथे आता कधी अडणार नाही!"

"सगळ्यांनी ऐकलं?" तिने विचारलं. सगळ्यांनी ऐकलं होतं. "मग रातू, इतका मोठा प्रसाद मिळालाय, आभाराची यांगोना इथेच पिऊ. इंजिन चालू राहू दे, थोरल्यांना तेवढं आज चालेल. भाऊजी, बॉनेट लावा."

आभाराला नाही कोण म्हणणार? फेरी सुरू झाली. किनीजोजीने एक घोट घेतला आणि तो त्याला फारच कडू लागलेला दिसला. मध्येच तो म्हणाला, "उशीर होतोय, बाजार..." तेव्हा बुबू लितिया म्हणाली, "वर्षभर उशीर करवलास तेव्हा बाजार आठवला नाही का रे?"

फेरी संपली. पेनिआसीने इंजिन बंद केलं आणि लगेच किल्ली फिरवली. इंजिन गरगर, गरगर, आणि गप्प. पुन्हा फिरवली, पुन्हा तेच.

आता सगळे किनीजोजीकडे बघू लागले.

"तिचं मन शुद्ध नव्हतं!" किनीजोजी ओरडला. "तिने थोरल्यांना फसवलं!"

रातूंनी करवंटी खाली ठेवली. "माझ्या आजोबांना एका बाईने फसवलं?"

"म्हणजे तसं नाही, त्यांनी मग... विचार बदलला..."

"यांगोनाची एक फेरी होईपर्यंत माझ्या आजोबांनी दिलेला शब्द फिरवला?" रातू उभे राहिले. कटकट नको असणारा माणूस रागावला की मात्र बघण्यासारखा दिसतो. "शब्द फिरवणारा एकच माणूस मला माहीत आहे, आणि तो आमच्या घराण्यातला नाही. तो इथे उभा आहे."

किनीजोजी सवयीने बॉनेटकडे वळला. उनाइसी मध्ये उभी राहिली.

"आज तुम्ही नाही, मोमो. रातूंचे आजोबा आहेत, रातू हात लावतील."

रातूंनी बॉनेट उचललं, तिने दाखवलेल्या काळ्या डब्यावर तळवा ठेवला आणि "आई गं!" म्हणून झटकन मागे घेतला.

"हेच ते कपाळ, रातू," उनाइसी म्हणाली. "याला कॉइल म्हणतात. ही तापली की ठिणगी देत नाही, गार झाली की देते. हे कपाळ गार झालं का तेवढं हा दर शनिवारी चाचपायचा. भाऊजी, आता तरी तोंड उघडा."

आणि पेनिआसीने ते उघडलं. प्लग काढला, इंजिनाला टेकवला, किल्ली फिरवायला लावली. लोकांनी वाकून पाहिलं, ठिणगी नव्हती. मग उनाइसीने ओलं फडकं गुंडाळलं आणि जाहीर केलं, "आता कुणी प्रार्थना करायची नाही. यांगोना प्यायची नाही. काहीही बोला, गप्पा मारा, शिव्या द्या."

ही संधी बुबू लितियाने सोडली नाही. तिने लॉरीला, लॉरीच्या आईला, किनीजोजीला आणि आपल्या डुकराच्या अकाली मरणाला उद्देशून जे काही ऐकवलं ते इथे लिहिता येण्यासारखं नाही. फडकं पुन्हा भिजवलं, पुन्हा पिळलं. प्लग तपासला तर निळी ठिणगी हजर. तो परत जागेवर बसवला, किल्ली फिरवली आणि लॉरी धडधडत सुरू झाली.

मागून एकजण हळूच म्हणाला, "पण शिव्यांनीसुद्धा भूत पळतं ना?" त्याच्या बायकोनेच त्याच्या डोक्यात टपली मारली.

रातूंनी किनीजोजीला विचारलं, "तुला हे माहीत होतं?"

"गॅरेजमध्ये शिकलो होतो," तो पुटपुटला. "पण लोकांनीच मला... मी एकदा बॉनेटला हात लावला आणि ती सुरू झाली, तर लोक पाया पडले. मी काय करणार?"

"खरं सांगायचंस," रातू म्हणाले. "चालत ये गावात. रस्ताभर थोरले तुझ्या सोबतीला आहेतच."

सिंगातोकाच्या गॅरेजवाल्याने कॉइल पाहून कपाळावर हात मारून घेतला, स्वतःच्या. ही कॉइल वायरीत तो चिनी मातीचा तुकडा असेल तरच चालणारी होती. तो तुकडा करंटला थोडा आवर घालतो. तो फेकून दिल्यावर बॅटरीचा सगळा जोर थेट कॉइलवर आला आणि ती भाजत राहिली. शनिवारी भरलेली लॉरी चढ चढून येते तेव्हा ती आणखी भाजते. आणि नेमकं तिथेच आदरापोटी इंजिन बंद केलं की वारा थांबतो, पंखा थांबतो आणि सगळी उष्णता बॉनेटखाली कोंडते. हलकी लॉरी सोमवारी अडायची नाही, कारण ती एवढी तापायचीच नाही. समुद्राचं भूत, डोंगराचा पूर्वज आणि गावाचं वर्षभराचं शहाणपण, सगळं त्या एका डब्यात मावलं. नवी कॉइल आणि तुकडा बसवला, तो विषय तिथेच संपला.

उनाइसीचा विषय संपला नव्हता.

दुसऱ्या दिवशी चर्च सुटल्यावर रातू स्वतः रोपातेच्या दारात आले, मागे अर्धं गाव. हातात व्हेलचा दात होता, सरदारांच्या घरातला, जुना, पिवळा पडलेला. ते गुडघ्यांवर बसले. सरदार एका परक्या बेटाच्या सुनेपुढे असा बसलेला कुणी पाहिला नव्हता.

"मुली, आमचं चुकलं," ते म्हणाले.

दात घेऊन आलेल्या माणसाला परत पाठवायचं नसतं. उनाइसीने दात घेतला, कपाळाला लावला आणि बाजूला ठेवला. रोपाते खाली मान घालून उभा होता. तिने आधी त्याच्याकडे पाहिलं आणि मग सगळ्यांकडे.

"माफ केलं. रीत आहे म्हणून केलं, आणि तुम्ही मनापासून आलात म्हणूनही केलं. पण विसरणार नाही, आणि तुम्हीही विसरू नका. माझी पोरगी माझ्यापासून तोडायला निघाला होतात तुम्ही, आणि तुमच्यातल्या एकानेही बॉनेट उचलून आत पाहिलं नाही. पुढे कधी गाडी अडली, गाय आटली, कुणाचं मूल आजारी पडलं, तर आधी तिथे बघा जिथे बिघाड आहे. कारण शोधायला थोडी मेहनत पडते, कबूल आहे. पण बाईला घराबाहेर काढायला काहीच लागत नाही. एक खोटारडा पुरतो, आणि बाकीच्यांनी चटईकडे बघत बसायचं."